एक उठली का साऱ्या उठा

गाव इचाराल तं माहं गाव आता पाण्याखाली हाय, गोसीखुर्दच्या धरणात गेलं, तिथं आता डोंगे चालतात अन् लोकं मासे धरतात. आमची धानाची बांधी होती तिथं. धान पिकत आलं का पाखरं हाकलाले मले एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी करत, दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यावर माय. ती तिकडून हाक मारे, रंजनाऽऽ, अन् मी इकडून ओ देवो. माहा आवाज तिथंच तयार झाला, काय सांगू तुमाले, कोणत्या शिबिरात नाही झाला.

मंग गाव उठवाची सभा झाली. सायेब लोकं खुर्चीवर, आमी खाली सतरंजीवर. माय एकटी उभी झाली, तिले एवढंच इचाराचं होतं का नव्या गावात आमचे मेलेले कुठं नेऊ, समशान कुठं देता. तं बापानं तिचा पदर ओढला, बस म्हणे खाली. ते बसली. ते जे बसली ना, त्यानंतर माय कोणत्याच सभेत उठली नाही.

माहा धंदा म्हणा का नोकरी म्हणा, तिथूनच निघाली. आधी बचत गटाचं काम केलं, मंग नागपूरले ट्रेनिंग केलं, मंग कार्ड छापलं, नेतृत्व अन् जीवनकौशल्य प्रशिक्षक. बॅनरची गुंडाळी काखेत अन् मी एसटीत. एका शाळेतले गुरुजी मले म्हणे, बाई, जगाले बी शिकवा लागते का आता? मी म्हटलं, लागते जी, मरणं तेवढं शिकवा लागत नाही. तवा हासलो आमी दोघं बी.

माह्या वर्गात नाव इचारलं का बाया म्हणत, मी अमक्याची बायको, मी तमक्याची माय. मी म्हणो, असं नाही, धुऱ्यावरून हाक मारल्यासारखं आपलं नाव सांगा. हा पहिला धडा. अन् दुसरा धडा म्हणजे एक उठली का साऱ्या उठा. एकटीचा पदर ओढता येते, पुऱ्या गटाचा कोण ओढन?

लता तिथंच भेटली मले, सिहोऱ्याकडची. पहिल्या दिवशी नाव सांगता सांगता रडली पोरगी. आता सरपंच हाय. तिच्या गावात नदीतून रेती काढतात, काढू देत, साऱ्यायच्या डोळ्यासमोर काढतात. पण मशीन खोदत खोदत काठावर आली, अन् तिथं गावानं लहान लेकरं पुरली हायत. लहानग्यायले आपण जाळत नाही ना. लताची पयली पोरगी तिथंच हाय, सा महिन्याची गेली होती. लता ग्रामसभेत उठली अन् म्हणे, मशीन मांगं घ्या, माही पोरगी निजली हाय तिथं.

दुसऱ्या दिवशी दोघं जणं तिच्या घरी आले. लई गोड बोलले, चहा पेले, अन् जाता जाता म्हणे, वहिनी, वावरात एकट्या जात नोका जाऊ. बस, एवढंच. तवापासून तिच्या बचत गटातल्या बाया एकेक करून कमी झाल्या. कोणाची सासू बिमार पडली, कोणाले माहेरी जाचं होतं. दोष कोणाले देऊ जी, अर्ध्या जणीयचे पोरं त्याच रेतीच्या टिप्परवर ड्रायव्हर हायत.

उद्या पुन्हा ग्रामसभा हाय. सकाळी लताचा फोन आला, म्याडम, मी तं उठतो, पण माह्या मांगं कोणी उठन का? मी म्हटलं, मी येतो. मले त्या गावात मत नाही का काही नाही, पण तिच्या मांगं बसन तं खरी. माय तवाची भांडून राहिली माह्याशी. म्हणे, तूच उठवली तिले, आता तूच बसव, जीव तं राहीन पोरीचा. कोणत्या तोंडानं बसवू सांगा? अन् नाही बसवली, अन् उद्या तिले काही झालं, तं कोणत्या तोंडानं जगू? भेव वाटते मले, खोटं कायले बोलू. लोकायले भेव सोडा म्हणून शिकवतो, अन् मीच दाराची कडी दोनदा पाहून आली.

आयकू येते ना तो आवाज? टिप्पर हाय, दुपारपासून दारासमोर उभा हाय. या गल्लीत कोणाचं बांधकाम नाही, भंडाऱ्याच्या या टोकाले रेती कोणी मांगवली? इंजन बंद करत नाही तो. नोका, पडदा नोका सरकवू.

माय आता भांडत नाही. मघाशी पाण्याले गेली मी आत, तं तिनं फळीवरून उद्यासाठी दोन डब्बे काढून पुसून ठेवले होते. मी म्हटलं, माय, मले एक पुरते. तं म्हणे, दुसरा माहा हाय.

तुमी मांगच्या दारानं जा जी, सांभाळून जा, लेकराबाळात सुखी राहा. अन् मघाशी म्हणत होते ना का नाव बदलून लिहितो म्हणून, तं नोका बदलू. रंजना लिहा. मायचं बी लिहा, गयाबाई.