सोलरवरचे बिबडे

सोलरचं कौतुक मला तरी सांगू नका. धुळ्यात भर गावात, पांझरेकाठची जुनी गोदामं पाडून आमची बिल्डिंग झाली, तेव्हा गच्चीवरचा सोलर बंब लोक बघायला यायचे. पण शेवटचा फ्लॅट विकल्याशिवाय बिल्डर लिफ्ट बसवणार नव्हता, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर!

मे महिन्यात नाशिकचे एक साहेब तो शेवटचा फ्लॅट बघायला आले. बिल्डरने त्यांना आमच्या न्हाणीघरात नेऊन घाईघाईने नळ सोडला. साहेबांनी हात घातला आणि “अरे बापरे!” म्हणत मागे ओढला.

“बघा! वीज नाही, धूर नाही, नुसतं ऊन!” बिल्डर फुलून गेला आणि सगळ्यांना गच्चीवर घेऊन आला.

तिथे माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का. सोलरच्या काचांवर ओलं धोतर अंथरून त्यांनी ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, वाळत घातलेले. बोटभर काच उघडी नव्हती.

“अक्का, हे कधीपासून?” बिल्डरने विचारलं.

“होळीपासून.”

“मग आत्ता गरम पाणी कुठून आलं?”

“भाऊ, तो गार पानीना नळ शे.”

साहेब हात चोळत म्हणाले, “मग इथे गार पाणी मिळतं कुठे?”

“माठमा,” अक्कांनी सांगून टाकलं, आणि आमची लिफ्ट गेली ती गेलीच.