तिकीटवालीची चकती

— अहो नाही, फसवत नाहीये मी तुम्हाला, उलट तोटा माझाच आहे — तोवा देतोय मी, तोवा! मालिकेचा नायक! त्या कोपऱ्यातल्या मुली ऐकताय ना, मघापासून टेबलाटेबलावर जाऊन विचारतायत, "तोवा कुणाकडे जास्तीचा आहे का हो, तोवा?" — आणि तुमच्या सोड्याबरोबरच्या पाकिटातून काय निघालं, तर तिकीटवाली. रोपवेची तिकीटवाली! ग्लासाखालच्या चकत्या चौदा छापायच्या ठरल्या, माणसं भरली तेरा, राहिलेल्या जागी हिला बसवलं — एवढंच तिचं महत्त्व. कुणी घेणार नाही ती तुमच्याकडून. मी घेतो. म्हणजे उपकार वगैरे नाही, सहज. एकास एक, इथल्या रिवाजाप्रमाणे. काकू, तुम्ही — बरं, काकू नको. ताई. माफ करा, ताईच म्हणतो. मुलासाठी आला असाल ना? नाही? स्वतः बघता? एकट्या? — नाही नाही, चांगलंच आहे की, मी कुठे काय म्हटलं.

मग सांगा, कशी वाटते मालिका? — छान. छान! ताई, हा शब्द ना, कायद्यानं बंद करायला पाहिजे. आमच्या विद्यापीठाच्या क्लबात कुणी नुसतं "छान" म्हटलं तर त्यानं उठून सगळ्यांसाठी चहा आणायचा, असा नियम आहे. नियम मीच केलाय. कारण काय, एक माणूस तिकडे रात्रंदिवस मान मोडून चित्रं काढतो, एक बूट जमिनीवरून उचलला जाताना कसा दिसेल ते शंभरदा काढतो, आणि तुम्ही भात खाता खाता म्हणता छान. हा अपमान आहे. त्यापेक्षा शिव्या घाला — पण नेमक्या घाला! नेमकी शिवी म्हणजे आदर. हसू नका, मी खरंच मानतो हे. मी बघा कसं सांगतो — "खारट आकाशाचे पहारेकरी", भाग पहिला: अप्रतिम. दीपस्तंभ, आकाशातून पोहत येणारे देवमासे, दोन कड्यांमधला तो कुरकुरणारा रोपवे — आणि तोवा जिना चढताना बुटाची नाडी सुटते, तो खाली बघत नाही पण पाऊल जरा जपून टाकायला लागतो, आठवतं? नाही आठवत. असो. मग चौथ्या भागात काय केलं? देवमासे संगणकावर बनवले. प्लास्टिकचे! अंघोळीच्या टबात सोडायचे असतात तसले! पाचव्यात चेहरे वितळले — लांबच्या माणसांना नाकंच नाहीत, अख्खं गाव बिननाकाचं. आणि सहाव्यात? देवमासा जबडा उघडून समोर आलाय, आणि हा तोवा मैत्रीवर भाषण देतोय — आणि देवमासा ऐकून घेतोय! शेवटपर्यंत! इतका सभ्य देवमासा मी जन्मात पाहिला नाही. टाळ्या तेवढ्या वाजवल्या नाहीत त्यानं.

मग इथे कशाला बसलायस, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. सगळे हेच विचारतात. इतकी वाईट आहे तर त्याच मालिकेच्या नावाचं कॅफे, तिचं ऑमलेट, तिचा हा निळा सोडा — अहो, वाईट आहे म्हणूनच सोडायची नाही! चांगल्या मालिकेला कुणीही सांभाळेल. हा कितवा ग्लास ते विचारू नका. प्रत्येक ग्लासाबरोबर एक चकती, आणि पाकीट असं चंदेरी, आतलं दिसत नाही, त्याला मी काय करू? जीभ निळी झालीय ना माझी? — वाटलंच. बरं झालं मुलाखत आधी झाली. हो, मुलाखतच होती, नाहीतर असा काळा सूट घालून कोण देवमाशाच्या आकाराची जेली खातं! तिथे विचारलं, तुमचा मोठा गुण कोणता? मी म्हटलं, मी खोटं मत देत नाही. तिघांनी एकदम खाली बघितलं. नाही मिळणार ती नोकरी. आणि सबंध रस्ताभर मी विचार करत आलो, की तेवढं एक वाक्य तरी खरं होतं का.

तर — तिकीटवाली. काय म्हणत होतो? हां, बिनमहत्त्वाची. सहा भाग ती बोलतच नाही. तोवा रोपवेच्या डब्यात चढतो, ती नुसता हात हलवून खूण करते, की बाबा हात आत घे. बस. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना ती मुकीच वाटत होती. आणि मग सातव्या भागात तोवा पलीकडच्या कड्यावर राहतो, परत येतच नाही, संध्याकाळी डबा रिकामा येतो — तुम्ही पाहिलाय, तुम्हाला काय सांगायचं — आणि ती त्या रिकाम्या डब्याला म्हणते, "शेवटची फेरी. हात आत घ्या." सबंध मालिकेत तेवढंच. पण "हात" म्हणायच्या आधी, ताई — ती श्वास घेत नाही. घ्यायला जाते आणि थांबते. कुणीतरी आत आहे की काय असं वाटून थांबावं तशी. एवढूसं. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मग बोलते, आणि आवाजात रडणं नाही, काही नाही, रोजच्या कामाचा आवाज. मी तर —

नाही, म्हणजे ठीकच आहे ते. विशेष काही नाही. द्या बरं ती चकती.

का हवीय म्हणजे? नकोच आहे मला. संच पूर्ण करायचाय. — संच नाहीये माझा? बरोबर, नाहीये, सगळे तोवाच निघालेत. बघा ना, ओळीनं मांडलेत, एकसारखे हसतायत मला. आणि संच पूर्ण करायचा असता तर त्या मुलींशी अदलाबदल केली नसती का, असं म्हणताय. तुम्ही फार बारीक बघता हो ताई, आमच्या क्लबात यायला पाहिजे होतं तुम्ही.

बरं, ऐका. आमचा क्लब रविवारी दुपारी हिसाकाताच्या खोलीवर जमतो. हिसाकाता म्हणजे माझा मित्र, त्याचा टीव्ही सगळ्यात मोठा आणि खोली सगळ्यात लहान. नियम असे, की तोपर्यंत कुणी कुठे काही वाचायचं नाही, आणि शेवटची नावं संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. हेही नियम माझेच. तर सातवा भाग लागला, तिकीटवाली ते वाक्य बोलली, आणि मी — मी तिथेच टीव्ही थांबवायला लावला. म्हटलं, ऐका! हे कोण बोललंय कळलं का कुणाला? आवाज ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, ताई, शेजारच्या खोलीतून जाहिरात ऐकून मी नाव सांगतो. म्हटलं, हा नवीन माणसाचा आवाज नाही. अशा ठिकाणी थांबायची हिंमत नवीन माणसाला होत नाही, नवीन माणूस घाईघाईनं रडून मोकळा होतो. ही बाई वीस वर्षं माइकसमोर उभी राहिलेली आहे — आणि एका फार मोठ्या कलाकाराचं नाव घेतलं मी, पैजेवर. उभं राहून बोललो. हिसाकाता म्हणाला, "बस रे खाली, पडदा झाकतोयस." मी बसलो नाही. या मालिकेत काही खरं असेल तर ते हे एक वाक्य, बाकी सगळं जाळून टाका, असंही म्हणालो.

मग नावं आली. आणि तिकीटवालीपुढे लिहिलेलं होतं — उराबे सुझुनो.

उराबे म्हणजे — आमच्याच क्लबातली. गेल्या वर्षीपर्यंत त्याच खोलीत, त्याच उशीला टेकून बसायची. मध्येच विद्यापीठ सोडून पात्रांना आवाज द्यायचं शिक्षण घ्यायला गेली. कुणाला काही सांगितलं नव्हतं तिनं — सांगता येतच नाही त्यांना, भाग दाखवून होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं अशी अटच असते. सगळे ओरडले, नाचले, हिसाकाताच्या हातचा चहा सांडला. आणि मी काय केलं असेल?

मी म्हटलं, पुन्हा लावा.

का म्हणजे? आपल्या ओळखीचं माणूस निघालं! आता पहिलं मत कसं धरायचं? पक्षपात नाही का होणार? टीकाकाराला ओळखपाळख नसते! म्हणून पुन्हा लावलं, आणि नीट, काटेकोर ऐकलं. म्हटलं, "आत" मधला "आ" जरा पसरट आहे. म्हटलं, "फेरी" शब्द लवकर सुटलाय. म्हटलं, ती जी थांबते ना मध्येच, ती बहुतेक विसरली असेल, सराव कमी पडला असेल, आणि ध्वनीवाल्यांनी तसंच राहू दिलं असेल. हिसाकाता माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "अरे, मघाशी तूच जाळायला निघाला होतास ना सगळं?" मी म्हटलं, मघाशी मला नाव माहीत नव्हतं. तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतोय, गाढवा." — आता यात गाढवपणा काय आहे सांगा! अनोळखी असती तर मी कौतुक करूच शकलो असतो. सुझुनोचं कसं करू? सुझुनोचं कौतुक मी केलं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं, की हा —

उराबे. उराबेचं. आडनावानंच हाक मारतो मी तिला. सगळेच मारतात.

हसा. हसून घ्या.

तर हिसाकातानं तिला दोन्ही सांगितलं. दोन्ही मतं! मित्र आहे म्हणे. काल तिचा निरोप आला. रागावली नाहीये — रागावली असती तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाला मी तोंड देतो. एवढंच लिहिलंय, की बाकी सगळे छान म्हणतात, तूच एक खोटं बोलत नाहीस. नाव कळण्याआधीचं खरं, की नाव कळल्यानंतरचं? तिच्या आवाजाच्या संस्थेला उद्या कळवायचंय, पुढचं वर्ष राहायचं की सोडायचं. वडील तिकडे गावी, शिमानेला, लोणच्यांच्या दुकानात वाट बघतायत. आज सहा वाजता स्टेशनच्या पूर्वेकडच्या फाटकाशी भेट, आणि एकच सांग. — बघा! माझ्या शब्दावर! मी, ज्याला बिननाकाची माणसं लांबून दिसतात, काल रात्रीपासून ते वाक्य लावून बसलोय आणि मला आता काही ऐकूच येत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते एका बाईचं होतं, रोपवेवर उभ्या असलेल्या. आता ऐकलं की ती दिसते, उशीला टेकून बसलेली, पायमोज्याला भोक पडलेली, आणि मग चांगलं काय नि वाईट काय. खोटं सांगून ठेवून घेऊ तिला? की खरं म्हणून काहीतरी सांगू आणि लोणची घालायला पाठवू? म्हणून वाटलं, की बोलायला नको. चकती न्यावी. तिच्यासमोर ठेवावी — ही बघ, तू छापून आलीस. तिला जे समजायचं ते ती समजेल. — पळपुटेपणा आहे, माहितीये मला. म्हणून तर एवढा सोडा प्यायलो! द्या हो ताई. सगळे तोवा घ्या. सगळे!

नाही?

म्हणजे — का नाही? तुमच्या काय कामाची ती! तुम्हाला तर बुटाची नाडीही आठवत नाही! — काय आवडतं म्हणता? आवाज? तिचा? नाही, थांबा, "आवडतो" म्हणजे काय, नेमकं सांगा, कारण सांगा —

इस्त्री करत होतात. बरं. टीव्ही आपला चालू. बरं. नवऱ्याचा सदरा. पुढे?

सदरा जळाला?

नाही, थांबा, नीट सांगा ताई, कुठे? रिकामा डबा येतो तिथे, की "हात"च्या आधी? — ठाऊक नाही. ती थांबली आणि तुम्हीही थांबलात. इस्त्री हातातच, खाली टेकलेली. मग वास आला. — आणि हे त्याच दिवशी? पहिल्यांदाच ऐकताना? नाव वाचलं होतं का तुम्ही? कुणी सांगितलं होतं, कोण आहे ते? — नाही. तुम्ही नावं कधी बघतच नाही. तसं बघता आमच्या नियमात हा गुन्हा आहे, ताई.

सदरा आहे का अजून? फेकलात? अरेरे. फेकायचा नाही हो. त्याच्याइतकं नेमकं मी आजवर काही लिहिलेलं नाही.

मी उभा राहिलो होतो, आणि तुमचा सदरा जळाला. आणि दोन्ही नाव कळण्याआधी.

काय? — नाही, नाही, आत ठेवा ती. आता कशाला देताय? दया नको. नकोय मला चकती, खरंच नकोय, पिशवीत ठेवा, दुमडू नका, आणि कुणी मागितली तर देऊ नका. कुणी कितीही तोवा देऊ केले तरी ऐकू नका. हे तोवा? जाता जाता त्यांच्या टेबलावर ठेवतो, ओरडणं तरी थांबेल. झालं, घंटी वाजली बघा, आपल्या तुकडीची वेळ संपली, ती पोरगी टेबल पुसायला आलीच. पावणेसहा? अजून दहा मिनिटांचा रस्ता आहे, आणि जीभ ही अशी — काहीही बोललो तरी कुठून आलोय ते तिला आधी दिसणारच. दिसू दे.

चला, निघा तुम्ही, ताई. — काय सांगणार मी तिला? वा! बाकी सगळं काढून घेतलंत माझ्याकडून, तेवढं राहिलंय होय? नाही. ते तुम्हाला नाही सांगणार. ते आधी तिला.