तांबड्या धाग्याचं घरटं

माझं माहेर मुरबाडकडलं, दिली ती किन्हवलीच्या अंगाला, भातशेतीच्या घरात. घरात नवरा, सासू नि मी. काय सांगू तुमाला, लडाईचा टाइम तो, कापड डोळ्यांना दिसायचं नाय, बाजारात दिसभर उभं राहून माणूस रिकाम्या हातानं घरी यायचा. माझा बाबू झाला तवा सासूनं आपल्या लग्नातल्या लुगड्याचा तांबडा काठ फाडला नि तेचं झबलं शिवलं. एकच झबलं बगा. धुवायचं, कुंपणावर टाकायचं, वाळलं का परत तेच घालायचं.

आमच्या दारात जास्वंद होती. तिच्यावर एक पाखरू यायचं, अंगठ्याएवढं, वाकड्या चोचीचं, फुलातला रस पिणारं. नर काळानिळा, उन्हात चमकायचा, मादी मळकट, माझ्यावाणी. ती जास्वंदीलाच घरटं बांधायला लागली, कोळ्याची जाळी आणायची, काड्या आणायची, नि कुंपणावरच्या झबल्याचे धागे उपटून न्यायची. सासू ओरडायची, हाकल गो तिला, पोराच्या अंगावरला धागा घराभायेर जाऊ देऊ नये, वंगाळ असतं. मी म्हणायची, न्हेऊ दे आत्याबाय, तिला पण पोरंच वाढवायचीत.

मोहर गळला नि बाबूला ताप भरला. दवाखाना शहापूरला. गाडी जुंपेपर्यंत माझ्या मांडीवरच थंड पडला. लहान पोराला जाळत नाय, पुरतात, झबल्यासकट पुरला. सासू मला एवढंच बोलली, पाखराला धागा दिलास, पाखरासारखा उडून गेला.

एक दिस सासू कोयता घेऊन निघाली घरटं तोडायला. मी आडवी आली. म्हटलं, आत्याबाय, माझ्या पोराचं जगात आता तेवढंच उरलंय, तोडायचं तर आदी मला तोडा. घरट्याच्या तोंडाशी तांबडा धागा लोंबत होता, आत पिलं चिवचिवत होती. सासू बघत राहिली. कोयता तिथंच टाकला नि घरात गेली.

पिलं उडाली, घरटं रिकामं झालं. मी भात कांडून भायेर आली तर सासू जास्वंदीखाली बसलेली, घरटं ओंजळीत, आपल्याच लुगड्याचा धागा बोटानं चाचपत होती. म्हणाली, गो, तपकिरीनं माझं नाक मेलंय, तू बघ, बाबूच्या टाळूच्या तेलाचा वास हाय का येला? मी नाकाला लावलं. पिलांच्या घाणीचा वास, दुसरं काय नाय. म्हटलं, हाय आत्याबाय, येतोय. तवा ती रडली, बाबू गेल्यापासून पयल्यांदा.

मला परत मूल नाय झालं. सासू गेली तवा घरटं तिच्या पदरात बांधून दिलं. मागून नवरा पण गेला. जास्वंद अजून हाय, पाखरं येतात. जुनं लुगडं फाटलं का मी चिंधी कुंपणावर टाकते. न्या गो, म्हणते, तुमची तरी जगू देत.