पहिला काप

(कर्वेनगर. दोन शेजारच्या बंगल्यांमधली कमरेएवढी भिंत. शेजारची मंदाकिनी आपल्या वेलाचं मोठं बटरनट, म्हणजे लांबट परदेशी भोपळा, आणि सुरी घेऊन ललिता आणि तात्याराव या नवरा-बायकोच्या पडवीत आली आहे.)

तात्याराव : ठेवा तिथे कट्ट्यावर. नाहीतर असं करा, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून कापून घ्या. त्याची सुरी मोठी असते.

मंदाकिनी : भाजीवाल्याकडे कशी जाऊ, भाऊजी? आमचे हे गेल्यापासून घरचं प्रत्येक अख्खं कोहळं तुमच्याच हातून कापलं गेलं. आमच्या अमरावतीकडे बाई त्याला पहिली सुरी लावत नाही. पुरुषानं दोन फोडी करून द्यायच्या, पुढचं मग आम्ही बघतो. तुम्हाला ठाऊक आहे नं हे.

तात्याराव : हे कोहळं नाही, बटरनट आहे. परदेशी पाहुणा. त्याला अमरावतीचे नियम लागू नाहीत.

मंदाकिनी : माती माझी, शेणखत माझं, पाणी मी घातलं. परदेशी कसा राहिला तो, बाप्पा?

ललिता : पाहुणा म्हणे. गेल्या वर्षी मंदाताईंनी कोवळंच तोडून दिलं आणि मी दुधी समजून भाजी केली त्याची.

तात्याराव : ती मी निमूट खाल्ली.

ललिता : निमूट? आठवडाभर ऐकवत होतात.

मंदाकिनी : चूक माझीच होती. यंदा नाही घाई केली. देठ वाळून लाकडासारखा झाला, अंगावरच्या हिरव्या रेघा गेल्या, नख रुतेना, तेव्हा देठासकट तोडलं. मग सावलीत मुरत ठेवलं. माझी लेक ऋतिका आली आहे हैदराबादहून, उद्या याचा कीस घालून गोड बोंडं तळायची आहेत. गूळ घालून.

तात्याराव : जावयांना सांगा कापायला.

मंदाकिनी : जावई आलेच नाहीत.

तात्याराव : माझा गुडघा दुखतोय.

ललिता : भोपळा गुडघ्यानं कापतात का हो?

तात्याराव : ललिता, तू आत जा.

ललिता : नाही जाणार. कंटाळले मी. मंदाताई, गुडघा धडधाकट आहे त्यांचा. पावसाळ्यापासून टेकडीवर जाणं बंद, रविवारी बागेतल्या कट्ट्यावर बसणं बंद. मित्र दारात आला तर मला म्हणतात, सांग झोपलोय. भर संध्याकाळी कोण झोपतं? मी आपली तोंड लपवत सांगते. आणि कारण विचाराल, तर...

तात्याराव : पुरे झालं.

मंदाकिनी : नका सांगू, ललिताताई. मला माहीत आहे.

तात्याराव : काय माहीत आहे?

मंदाकिनी : हाताचं.

तात्याराव : म्हणजे हिनं सांगितलं.

ललिता : मी? डॉक्टरांनी कंपवात म्हटल्यावर रिक्षातच शपथ घातलीत मला. सख्ख्या बहिणीला बोलले नाही मी.

मंदाकिनी : कोणीच नाही सांगितलं. श्रावणात वेलाला बोटाएवढी फळं धरायची आणि पिवळी पडून गळायची. मागच्या सोसायटीनं औषध मारून पोळं काढलं, मग मधमाश्या यायच्या कुठून? तुम्हीच म्हणाला होतात, वहिनी, नराचं फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादीच्या फुलात फिरवा, पण अगदी सकाळी. माझं आवरेपर्यंत फुलं मिटून जायची. आणि एक दिवस फळं टिकायला लागली.

तात्याराव : हवा बदलली असेल.

मंदाकिनी : हवा नाही बदलली. पहाटे पाणी भरायला उठले, तर तुम्ही भिंतीवरून वाकलेले. हातात फूल. हात इतका थरथरत होता की ते खाली पडलं. तुम्ही उचललं, पुसलं आणि परत फिरवलं.

तात्याराव : बघत होतात तुम्ही.

मंदाकिनी : पडद्यामागून. पुढे रोजच बघायची.

तात्याराव : आणि एका शब्दानं बोलला नाहीत.

मंदाकिनी : बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी आला असतात?

तात्याराव : नसतो आलो.

मंदाकिनी : तेच तर. तुम्ही आत जाईपर्यंत मी स्वयंपाकघरातला दिवासुद्धा लावत नव्हते.

ललिता : पहाटे दार वाजायचं ते हे होतं होय? मला वाटायचं झोप लागत नाही म्हणून फेऱ्या घालताय. उशीत तोंड खुपसून रडायची मी, माहीत आहे? शेजारच्या वेलाला हात लावता, आणि मी साधा कप धरायला पुढे झाले की खेकसता.

तात्याराव : वेल बघत नाही गं माझ्याकडे. तू बघतेस. जन्मभर कारखान्यात ड्रॉइंगं काढली, माझी रेघ कधी हलली नाही. आता चहा तोंडापर्यंत नेईस्तोवर अर्धा बशीत. लाज वाटते. दुसरं काय सांगू?

ललिता : माझी वाटते?

तात्याराव : तुझी कशी वाटेल. माझी वाटते.

मंदाकिनी : भाऊजी, हे गेले त्या वर्षी कोहळं घेऊन दारात उभी होते, कोणाला हाक मारावी कळेना. तुम्ही आपणहून भिंतीपाशी येऊन म्हणालात, आणा इकडे. तेव्हा किती धीर आला होता मला. आज तुम्ही भाजीवाल्याकडे पाठवून राहिले, तर फार वाईट वाटलं.

तात्याराव : फुलाची गोष्ट वेगळी, वहिनी. सुरी घसरली म्हणजे?

ललिता : द्या इकडे ती सुरी.

तात्याराव : तू कापणार? वहिनींना चालायचं नाही.

मंदाकिनी : बाईनं सुरी लावू नये एवढंच आमच्यात. नवऱ्याचा हात धरू नये असं नाही कोणी सांगितलं.

ललिता : तुम्ही मूठ धरा. मी वरून धरते.

तात्याराव : हलतोय.

ललिता : हलू दे. जोर मी लावते. बोटं आत घ्या तेवढी.

तात्याराव : भलतंच टणक आहे.

ललिता : सवय आहे मला.

मंदाकिनी : हळू. हां, गेली सुरी आत. झालं. बघा तरी, काय केशरी निघालं.

तात्याराव : काप वाकडा गेला.

मंदाकिनी : जाऊ द्या. किसायचंच आहे ते. उद्या संध्याकाळी दोघं या, गल्लीतले सगळे येणार आहेत. आणि डबा भरून पाठवणार नाही मी, आधीच सांगते.

तात्याराव : बघतो.

ललिता : मंदाताई, हे बघतो म्हणाले म्हणजे नाही.

तात्याराव : तसं नाही. ललिता.

ललिता : काय?

तात्याराव : उद्या शर्टाची बटणं तू लावून दे. मला नाही लावता येत आता.