ओलं असेपर्यंत

—नाही नाही, चप्पल राहू द्या पायात. खरं गवत थोडंच आहे हे, सगळं प्लास्टिक. फक्त ओलं आहे, घसराल. या, गोलच्या मागे बाक आहे, तिथं सावलीही आहे. बसा ताई. फोटो ना? काढा की, मी कोण अडवणारा. पण काढणार कशाचा? तुम्हीच बघा, गोलपुढची ती पांढरी पेटी, गोलकीपरनं हात लावायची हद्द, ती सोडली तर तिच्या पुढे आहे का एक तरी रेघ? नाही ना? मग झालं तर. तुमची मुलगी म्हणते होती, समिती म्हणते नव्हती, आणि मैदान तुमच्या डोळ्यांसमोर पसरलंय. पाणी? पाणी मी रोज सकाळी मारतो. धूळ बसते. गोलकीपरची आई म्हणजे तुम्हीच, हे मी फाटकातूनच ओळखलं, चाल तीच — जसं काही कुणी मागून हाक मारली तर वळायचंच नाही. बारा वाजता बसणार ना समिती? मग उगाच इथं वेळ घालवू नका. ऊन चढायच्या आत निघा.

मला इथं फक्कीमामा म्हणतात. तीस वर्षं मातीच्या मैदानावर रेघांची पांढरी फक्की टाकली, तेव्हापासूनचं नाव. फक्कीचं बरं होतं हो — चुकली तर पायानं पुसली, झाडू मारला की गेली, कुणाच्या मागे लागत नव्हती. आता हा रंग आला. तात्पुरता म्हणे. तात्पुरता म्हणजे काय, तर काढता येतो, काढणारा असेल तर. मागच्या आठवड्यात इथं रग्बीवाले होते. त्यांना एक आडवी रेघ लागते, तुमच्या पेटीच्या पुढे सात पावलांवर, पांढरीच. त्यांना ती फोटोत उठून दिसायला हवी होती, म्हणून मी भर दुपारी दुसरा हात मारला. या गवताच्या तापलेल्या पात्यांवर दुसरा हात मारला की तो असा चिकटतो, विचारू नका. तो काढायचा म्हणजे औषध फवारा, दहा मिनिटं मुरू द्या, मग गुडघ्यावर बसून पाती झुकलीत त्याच्या उलट बाजूनं घासा, मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं. मग धुवा. मग परत पहिल्यापासून. — घासली ना, घासली की. घासली नाही असं कोण म्हणतं? एकदा घासली.

असं बघू नका. एकदा घासूनही बरीच जाते. राहते ती सावलीसारखी. आणि तीही मैदानाच्या मधून बघितलं तर दिसत नाही, पाती तिकडं झुकलेली असतात. फक्त गोलकडून दिसते, आपण बसलोय ना इथून, ऊन तिरपं असलं की. आणि ओलं असेपर्यंत तर कुठूनच नाही. साहेब येतात मैदान साफ आहे म्हणून सही करायला, त्याआधी पाणी मारलेलं असतं. साहेबांचीच युक्ती ती. मी काय, हुकमाचा ताबेदार — आता हे मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही काही विचारलंही नाही. नुसतं गप्प बसलात की माणूस बोलत सुटतो, आमच्या घरीही असंच. बायको ताट वाढते, समोर बसते आणि काही म्हणून विचारत नाही. परवापासून मी ताट तसंच सोडून उठतो.

खरं सांगू? साहेबांना यातलं ओ की ठो कळत नाही. बूट भिजतील म्हणून चवड्यांवर चार पावलं टाकतात, सही करतात आणि जातात. युक्ती माझी. कितीतरी वर्षांची. आणि मॅचच्या दिवशी काही अडचण होती, घरी कुणी आजारी होतं, औषध संपलं होतं, असंही नाही. अर्धा कॅन शिल्लक होता. सांगण्यासारखं कारण असतं तर बरं झालं असतं. कंटाळा आला, ताई. बस्स. म्हटलं, नंतर घासतो. पाणी मारलं, सही झाली, आणि चार वाजता मॅच सुरू झाली तेव्हा मैदान खडखडीत वाळलं होतं. समोरच्या संघातली एकटी चेंडू घेऊन आली, तुमची मुलगी गोल सोडून धावली, रेघेच्या आत राहून चेंडू दोन्ही हातांनी पकडला. काय सुंदर पकडला हो. पण रेघ रग्बीची. पेटीच्या बाहेर हात लावला म्हणून थेट लाल कार्ड, खेळाडूंच्या वसतिगृहाच्या निवडीतून नाव गेलं, आणि वर खोटारडी ठरली. मी त्या झाडाखाली उभा होतो. पाहिलं मी सगळं.

आणि तिनं विचारलं होतं ना मला. दर मॅचला विचारते ती, तासभर आधी येऊन — मामा, आज आमच्या रेघा कुठल्या? कारण इथं कधी पिवळ्या असतात, कधी निळ्या. त्या दिवशी मी पाइप गुंडाळत होतो, मान वर न करता म्हटलं, "पांढऱ्या तेवढ्या तुझ्या." ते तर तिनं तुम्हाला सांगितलंच असेल... नाही?

नाही सांगितलं?

समितीलाही नाही सांगितलं तिनं. मला वाटलं, निदान घरी तरी... परवा मला उभं केलं होतं तिथं. विचारलं, रेघ राहिली होती का? मी म्हटलं, इतक्या वर्षांत माझ्या हातून रेघ राहिलेली नाही. ती समोरच बसली होती. एक बोट जरी माझ्याकडे केलं असतं, मामांनीच सांगितलं म्हणाली असती, तर माझी नोकरी गेली असती. ती नुसतं म्हणाली, "मला दिसली होती." आणि खाली बघत बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. सोळा वर्षांची पोर. आणि मी आज सकाळी सहापासून पाणी मारतोय, कारण साहेब म्हणाले, बारा वाजेपर्यंत वाळू देऊ नकोस, दुपारी घासून टाक.

पाइप हातातच आहे माझ्या, बघा. नळ चालू आहे. पाण्याला खळ पडू द्यायचा नव्हता, आणि मी तुमच्याशी बोलत बसलोय.

—हां. ती. ते कोरडं झालं ना, तिथून पुढे. दिसली? सरळ आहे की नाही? रेघ मी सरळच मारतो, तेवढं एक आहे. काढा फोटो. उभं राहून नाही, खाली वाका, तुमची मुलगी गोलमध्ये वाकते तेवढं. पेटीही येऊ द्या त्यात. आला? आता निघा ताई, अकरा वाजून गेले.

उठत का नाही तुम्ही? फोटो पुरे आहे की. सगळं आलंय त्यात... हो, म्हणतील ते. आजच मारली म्हणतील रेघ. म्हणू शकतात. साहेबच म्हणतील. बरं, असं करा, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच मागून —

नको. थांबा. मागून येतो म्हटलं की मी येत नाही. धरा ही पाइप, नळ बंद करून येतो.