रतनबाईचा हयातीचा दाखला

व्हय, अर्ज मीच केला. नाव नसंल त्याच्यावर तर घाला आता — छबूबाई, गहिनीनाथची थोरली भावजय. बसा ना साहेब, खुर्ची हालती जरा, पन बसा. बँकेतनं येवढ्या उन्हाचं आलाय. म्हातारी कुठाय म्हंता? — म्हातारी न्हाई. रतनबाई, माझी सासू, कोरोनाच्या दुसऱ्या वर्साला वैशाखात गेली. तुमी बसलाय ना, तिथंच तिची बाज हुती. आन् तुमच्या बँकेत ती आजून जित्ती हाय, दर म्हैन्याला तिची पेन्शन पडती. सासरं झेडपीच्या शाळंत गुरुजी हुते, त्यांच्यामागं तिला लागली हुती ती. मानूस सरलं की पेन्शन सरती, येवढं मला अडान्यालाबी कळतं — गहिनीनाथला कळत नसंल? पन कार्ड त्याच्या खिशात, मेसेज त्याच्या मोबाईलवर. ग्रामपंचायतीत मरनाची नोंदच केली न्हाई त्यानं. लॉकडाऊन हुता, चार मान्सांनी उचलली, कोन इचारतंय!

आता तुमी म्हनाल, बाई, चार वर्सं तुझं तोंड शिवलं हुतं का? हुतं. त्यानं शब्द दिल्ता — वयनी, निम्मे पैशे सृष्टीच्या नर्सिंगला. सृष्टी माझी पोरगी, येकच हाय. मालक जाऊन धा वर्सं झाली, माझ्यापाशी काय हाय? दोन वर्सं दिले त्यानं, खोटं कशाला बोलू. नगरला हॉस्टेलात हुती पोरगी, पांढऱ्या कपड्यातला फोटो धाडायची, मी शेजारनीला दाखवायची. तिसऱ्या वर्साला म्हनला, आता न्हाई जमत. का न्हाई जमत? पेन्शन थांबली व्हय? — पाय धरले मी त्याचे साहेब, दिराचे! ज्याला ह्या हातानं भाकरी बांधून शाळंत धाडला त्याचे. न्हाई म्हंजे न्हाई. पोरगी आता सुप्याला कंपनीत खोकी भरती, बारा-बारा तास उभी.

तरीबी मी गपच ऱ्हायले आस्ते. पन परवा त्याच्या लेकीचा साखरपुडा, जामखेडला हॉल घेतल्ता. गेले मी, घरचंच कार्य. तर त्याचा नवा व्याही इचारतो, ह्या कोन? आन् हा — माझ्या तोंडाकडं बघून बरं का, नजर न हालवता — म्हनतो, "आमच्याकडं धुनीभांडी करत्यात त्या." धुनीभांडी! सहा वर्सं त्याच्या आईचं हगनंमुतनं काढलं मी, तवा ह्याची बायको नाकाला पदर लावून दारात उभी ऱ्हायची. आन् मी धुनीभांडी! तिथं पेढा दिला, त्यो खाल्ला. दुसऱ्या दिशी सकाळच्या यष्टीनं टायपिंगवाल्याकडं गेले, म्हनलं, लिव बाबा, लई जाड अक्षरात लिव.

काय म्हंता? हयातीचा दाखला? — आहो, ते काय अवघड हाय? नोव्हेंबरात तुमच्याकडं म्हाताऱ्यांची ही रांग. डोक्यावरनं पदर वडायचा, मास्क लावायचा, कंबरंत वाकायचं. तुमचा त्यो चष्म्यावाला मान वर कुठं करतो? नुसतं म्हनतो, आजी, हितं अंगठा. आजीनं बोलायचं न्हाई, फकस्त खोकायचं. भाईर रिक्षात बसंस्तोवर काळीज हे असं उडतं बघा, आन् शाई ती — राखंनं घासली तरी दोन दिस निघत न्हाई अंगठ्याची, पीठ मळताना सारखी —

…

लिवलं तुमी ते.

न्हाई, खोडू नका. खोडू नका म्हंते ना! लिवलंय तर ऱ्हाऊ द्या. पैली दोन वर्सं नोव्हेंबरात मीच गेल्ते, सासूचं लुगडं नेसून. तिसऱ्याला त्यानं स्वताच्या सासूला नेलं — ती फुकटात आली, म्हून माझी पोरगी हॉस्टेलातनं भाईर. समजलं आता? मला धरत्याल? धरू द्या. सृष्टीला वाटतंय, आई दुसऱ्याच्या रानात खुरपून फी भरत हुती… तिला कळंल, रडंल, मला बोलंल. बोलू दे. पन माझं येकलीचं नाव लिवलं आन् त्याचं सुटलं, तर बँकेच्या दारात येऊन बसंन मी, सांगून ठिवते.

चहा? — चहा ऱ्हाऊ द्या आता. फटफटी काढा तुमची. मारुतीच्या देवळामागं निळं गेट हाय, तेच. ह्या टायमाला जेवाय बसला आसंल. भाईर थांबू नका साहेब — ताटावरनं उठवा त्याला.