हात कुणी दाबला?

मंडळी, जरा सावरून बसा, मागचे पुढं या — आणि मला एक सांगा. माणूस पडला, की पहिल्यांदा काय बघतो? गुडघा? छे! मागं वळून बघतो — ढकललं कुणी! आणि कुणीच ढकललं नसलं तर? तर मग एखादा शोधतो! हसताय? हसा, हसा. हसणाऱ्यांकडं मी शेवटी येणारच आहे!

तर ऐका. माणदेशातलं एक कॉलेज. कॉलेज लहान, पण कबड्डीच्या संघाचं तीन तालुक्यांत नाव. आणि नाव कशाचं? पकडीचं! समोरचा चढाईला आला, की परत मध्यरेषा गाठायची मारामार!

त्या संघात डाव्या कोपऱ्यावर उभा राहायचा रणधीर जगदाळे. अंगानं दांडगा, घोटा धरला की सोडायचा नाही. शेजारी, त्याचा हात हातात धरून, बिरू कोकरे. मेंढपाळाच्या घरातला, बोलायला महाग. आता साखळी म्हणजे काय, माय-माउल्यांनो — दोघांनी हात धरून उभं राहायचं. चढाईवाला जवळ आला, तर ओरडून सांगता येत नाही, त्यालाही ऐकू जाईल! मग? बिरूनं हात दाबायचा. एकदाच. दाबला, की रणधीरनं झेप घ्यायची. नाही दाबला, तर दम धरायचा. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. दोन तळव्यांमधलं बोलणं ते!

विभागाचा अंतिम सामना. शेवटची चढाई. आपला संघ एका गुणानं पुढं. समोरचा गडी आला. बिरूचा हात शांत. आणि रणधीरच्या मनात आलं — आत्ता धरला, तर खांद्यावर मिरवतील मला! — आणि गेला की हो! दाब यायच्या आधीच! साखळी तुटली, गडी दोघांना शिवून पसार. दोन गुण त्याचे, आणि आपली एका गुणानं हार!

प्रशिक्षक मोकाशी सर म्हणाले, "रणधीर, एवढी कसली घाई?"

आणि ह्याच्या तोंडून निघून गेलं, "सर, बिरूनं हात दाबला म्हणून मी गेलो."

मंडळी, या वाक्याला साक्षीदार किती? एक! बिरू! आणि बिरू काय बोलला? काही नाही. सरांनी त्याच्याकडं बघितलं, त्यानं पायाखालच्या मातीकडं बघितलं. झालं, बिरू संघाबाहेर! त्याचं शेवटचं वर्ष, पुढच्या स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडायचा होता — तीही वाट बंद.

आता गंमत बघा. गंमत कसली, दुखणं बघा! पुढच्या तीन सामन्यांत संघाची पकडच गेली. चढाईवाले यायचे, शिवायचे आणि जावई सासरी येऊन जावा तसे आरामात परत! सर दोन्ही वेळ सराव घेतायत, दोर ओढायला लावतायत. अहो, जोर कमी नव्हताच! प्रत्येक साखळीत हात दाबणारा मनात म्हणायचा — मी दाबला आणि चुकलं, तर बिरूसारखं माझ्यावर आलं! मग दाबतोय कोण? हात धरलेले, पण मुके! हे कुणाला आधी कळलं? ज्याला तीन आठवडे घास गोड लागत नव्हता, त्याला.

एका रविवारी सकाळी रणधीर बिरूकडं गेला. लोकर कातरायचं काम चाललेलं. बिरूनं वर न बघता एक मेंढी पुढं सरकवली. "धर पाय."

आपला कोपऱ्याचा वाघ पाय धरायला गेला — मेंढीनं अशी लाथ हाणली, की वाघ मातीत!

"घाई करतोस," बिरू म्हणाला. "आधी तिला निवांत हू दे."

रणधीर तसाच मातीत बसून राहिला. "बिरू, तू बोलला का न्हाईस रं?"

"काय बोलायचं? तुला ठावं हुतं, मला ठावं हुतं."

"सरांना सांगायचंस!"

"म्हंजे तू एक सांगणार, मी एक सांगणार. तूच सांगशील म्हणून वाट बघत हुतो."

"आन् मी आलोच नसतो तर?"

कात्री काही थांबली नाही. "तर अजून थोडी बघितली असती."

शिवी दिली असती तर परवडली असती हो! रणधीर मेंढीला धरून रडला. आणि या वेळी मेंढीही गप्प उभी राहिली!

दुसऱ्या दिवशी मैदानावर, सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "सर, बिरूनं हात दाबलाच नव्हता. मी खोटं बोललो." मग उजव्या कोपऱ्याजवळून एक हळूच बोलला, "सर, परवा मलापण हात दाबायचा होता. भ्यालो." मग तिसरा बोलला. एकाचं तोंड उघडलं आणि सगळ्यांचे हात मोकळे झाले!

सर म्हणाले, "बिरू आत. रणधीर, ही स्पर्धा तू बाकावर." ह्यानं मान हलवली. आणि वाईट वाटलंच, पण दुपारी दोन भाकरी जास्त गेल्या!

त्या निवडीच्या स्पर्धेत पुन्हा तोच संघ समोर, पुन्हा शेवटची चढाई, पुन्हा एका गुणानं पुढं. कोपऱ्यावर आता सुदर्शन नावाचा नवा खेळाडू. गडी आला. बिरू थांबला. बाकावर रणधीर आपलाच डावा हात उजव्या हातात धरून बसलेला — थांब... थांब... आणि त्यानं स्वतःचा हात दाबला! त्याच क्षणी सुदर्शन झेपावला! घोटा हातात, साखळी भक्कम, गडी जागच्या जागी!

विद्यापीठाच्या यादीत बिरूचं नाव आलं. रणधीरचं नाही आलं. सगळे नाचत होते, तेव्हा बिरू बाकाजवळ आला. रणधीरचा हात हातात घेतला आणि दाबला. एकदाच.

आता हसणाऱ्यांकडं येतो! मंडळी, तुमच्या घरात, भावकीत, शेजारात कुणीतरी तुमच्यासाठी असं गप्प बसलंय. कोण, ते मला सांगू नका, तुम्हाला ठाऊक आहे. आणि ते माणूस अजून थोडी वाट बघतंय. आपली आरती आता सुरू होईल. पण ज्याला आत्ताच उठावंसं वाटतंय, त्यानं खुशाल उठावं. आधी तिकडं जाऊन या. देव काही रागावत नाही, आरती आपण जरा उशिरा करू!